ह्यात मासा नाय

पेप्टाइड सरांना वास येत नसे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बी.एस्सी.ला असताना त्यांनी अमोनियाची बाटली नाकाशी धरून जोरात श्वास घेतला होता, तेव्हापासून नाक गेलं ते गेलंच. त्याची खंत त्यांना कधी दिसली नाही. "बरंच आहे शेजारी," म्हणायचे, "स्टाफरूमच्या भिंतीपलीकडे मुलांची मुतारी. तुम्ही सगळे नाकाला रुमाल लावून बसता, मी निवांत चहा पितो."

शेजारी म्हणजे मी. वसईतल्या एका ज्युनियर कॉलेजात आम्ही दोघं केमिस्ट्री शिकवायचो आणि आमची टेबलं एकमेकांना चिकटून होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी साताऱ्याकडचा, एव्हरशाईन सिटीत नुकताच फ्लॅट घेतलेला. ते वसईतल्याच पापडी गावचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे, रविवारची चर्चमधली मिस्सा न चुकवणारे. लग्न केलेलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची म्हातारी आई. आईला सगळं गाव 'बाय' म्हणायचं. माहेर पाचूबंदरच्या कोळीवाड्यात, चाळीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन मासे विकलेली.

मुलांनी त्यांना पेप्टाइड सर हे नाव ठेवलं ते एका तासामुळे. अभ्यासक्रमात पेप्टाइडचा धडा दीड पानाचा. मी तो वीस मिनिटांत उरकत असे, फळ्यावर सुबक आकृती काढून. सर त्या दिवशी वर्गात सुक्या बोंबलांची जुडी घेऊन आले. वसईकडे बोंबील वाळवताना दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि बांबूवर टांगतात. सरांनी एकाच्या जबड्यात दुसरा, दुसऱ्याच्या शेपटीला दोऱ्याने तिसरा, असे टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोंबील जोडले. "एक बोंबील म्हणजे अमिनो आम्ल. ही अख्खी लांबलचक माळ म्हणजे प्रोटीन. आता ही मी इथे तोडली, इथे तोडली. हे पाच-सहांचे तुकडे राहिले ना? यांचं नाव पेप्टाइड. आणि हा जबड्यात जबडा, हा पेप्टाइड बंध. विसराल?"

कोणी विसरलं नाही. विसरणं शक्यच नव्हतं, वर्गाला चार दिवस वास येत होता. प्राचार्यांनी बोलावून झाडलं, तर हे म्हणाले, "वास येतोय का? मला कल्पना नाही." खरंच नव्हती.

बोर्डाच्या परीक्षेत त्यावर प्रश्न आला. पेपर संपल्यावर पोरं त्यांच्या टेबलाभोवती गोळा झाली. चिकटलेल्या टेबलावर मी बसलो होतो. माझ्याकडे एक मुलगी आली. म्हणाली, "सर, थोडं सरकता का, आम्हाला त्यांच्याशी बोलायचंय."

मी सरकलो.

असे सरकण्याचे प्रसंग बरेच आहेत. सगळे सांगत बसत नाही. माझा एम.एस्सी.ला पहिला वर्ग, त्यांचा दुसरा. माझ्या नोट्स पालघरपर्यंत झेरॉक्स होऊन जात, त्यांच्या नोट्स नव्हत्याच. मला संशोधन करायचं होतं. मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेत जागेसाठी अर्ज केला, नकार आला, मग नोकरी, लग्न, फ्लॅट. ती गोष्ट मी मनातल्या मनात मिटवून टाकली होती. आणि हा माणूस पापडीच्या घराच्या मागच्या पडवीत, स्टोव्ह, दोन पातेली आणि कॉलेजातून उसना आणलेला एक थर्मामीटर घेऊन खुशाल संशोधन करत होता! कोणाची परवानगी नाही, कोणाचा नकार नाही.

त्याचं कारण बाय होती. तिचं विसरणं आधी गमतीचं होतं. मीठ दोनदा, चहात साखर नाही. मग एकदा मिस्सेला म्हणून निघाली आणि बाजारात नेहमीच्या जागेवर जाऊन बसली, पुढ्यात टोपली नाही, काही नाही, येणाऱ्याजाणाऱ्याला भाव सांगत. डॉक्टरांनी सांगितलं, वय झालं. सरांनी वाचायला सुरुवात केली. कुठून कुठून जुनी मासिकं मिळवली. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी ज्या निरोपांनी बोलतात त्यांतले काही निरोप पेप्टाइडच असतात, आणि अन्नातून मिळणारे लहान पेप्टाइड म्हाताऱ्या मेंदूला आधार देत असतील का, यावर लोक शोध घेतायत, असं त्यांना कळलं. एवढंच. यापुढे ते एक शब्द जास्त बोलत नसत.

"म्हणजे उपयोग होतो?" मी विचारलं.

"माहीत नाही!" घरात बाळ झाल्याची बातमी द्यावी तशा आनंदाने ते 'माहीत नाही' म्हणायचे. "शेजारी, अडचणी किती आहेत बघा. आधी पोट. पोट त्या तुकड्यांचे आणखी तुकडे करणार. त्यातून वाचले तर रक्त. आणि मेंदूच्या दाराशी तुमच्या बिल्डिंगसारखा वॉचमन बसलाय. वाटेल त्याला आत सोडत नाही."

आमच्या वॉचमनचा त्यांना अनुभव होता. ते आले की तो त्यांनाच नेमका थांबवायचा, कारण कपड्यांना माशांचा वास. रजिस्टरमध्ये 'कामाचे स्वरूप' या रकान्यात सरांनी एकदा 'पेप्टाइड' लिहिलं. वॉचमन इंटरकॉमवर मला म्हणाला, "साब, कोई पेप्टाइड आया है, छोडूँ क्या?" माझी बायको हसून हसून खाली बसली. मीही हसलो. पण त्यांना खाली थांबवलं जातं याचं मला बरं वाटायचं, हेही आता लिहून टाकतो.

त्यांची कृती साधी होती. पाचूबंदरहून मामेभाऊ मांदेली-बोंबलांची डोकी आणून देई. गिरीजच्या एका वाडीतून कच्च्या पपईचा चीक येई. पपईचा चीक मांस मऊ करतो हे स्वयंपाकघरात सगळ्यांना ठाऊक आहे. तो प्रोटीनची माळ तोडतो. माशांचा लगदा आणि चीक कोमट पाण्यात काही तास ठेवायचे, मग उकळून चीक मारून टाकायचा, मलमलच्या फडक्यातून गाळायचं. खाली उरतं ते चहासारखं, कडू पाणी. "औषध म्हणू नका," ते बजावायचे, "कालवणच आहे, फक्त आधीच पचवलेलं."

एव्हरशाईनमध्ये ही बातमी कशी पोचली कोण जाणे. दहावीच्या मुलांचे आईबाप त्यांच्याकडे बाटल्या मागायला जाऊ लागले. सरांनी एकालाही दिली नाही. "परीक्षेसाठी अभ्यास असतो, तो बाटलीत मावत नाही," असं सांगून परत पाठवायचे. माझी बायको म्हणाली, "दुसरा कोणी असता तर दुकान थाटलं असतं. साधा माणूस आहे हो." मी जेवत होतो. घास तसाच हातात राहिला. माझ्याबद्दल ती असं कधी म्हणाली होती ते आठवत बसलो.

मग ते पत्र आलं. ज्या संस्थेने मला नकार दिला होता, तिथल्याच एका प्राध्यापकांना सरांनी सगळं कळवलं होतं. उत्तर चार ओळींचं. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही, पण कुतूहल वाटतं. खरं आणि खोटं पेय आलटून-पालटून द्या, कोणतं केव्हा दिलं ते देणाऱ्यालाही कळू देऊ नका, मग वही घेऊन या, बोलू.

'बोलू.' मला त्याच संस्थेने नकाराचा छापील कागद पाठवला होता.

सरांनी पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. "यात मला तुम्ही लागणार. मी मुलगा आहे. मला ती बरी झालेली दिसायला हवीय, म्हणून माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही. कॉलेजात तुमच्याइतका चोख माणूस दुसरा नाही."

ठरलं ते असं. आठ आठवडे. दर शुक्रवारी ते स्टीलच्या कॅनमधून खरं पाणी माझ्या घरी आणून देणार. खोटं पाणी मी करायचं. कारल्याचा रस, मीठ, रंगाला चहाचं पाणी. दोन्हींत आलं आणि कोकम, म्हणजे चव झाकली जाईल. वासाचा प्रश्न त्यांच्यापुरता नव्हताच. कोणत्या आठवड्यात काय, ते मी चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, कागदावर लिहून पाकीट बंद करायचं. शनिवारी फक्त आठवड्याचा नंबर घातलेली तपकिरी बाटली त्यांच्या हातात द्यायची. दर रविवारी मिस्सेनंतर ते बायला वीस प्रश्न विचारून वहीत गुण मांडणार.

मी चिठ्ठ्या टाकल्या. चार खरी, चार खोटी. कागद लिहिला, पाकीट चिकटवलं. पहिल्या आठवड्याची चिठ्ठी 'खरं' निघाली होती. शनिवारी सकाळी ओट्यापाशी दोन्ही भांडी समोर होती. बायको भाजीला गेली होती. मी कॅन उचलला आणि मोरीत ओतला. विचार करून केलं असं म्हणता येत नाही. पण कारल्याचं पाणी बाटलीत भरताना एक थेंब बाहेर सांडला नाही. आठही शनिवार मी हेच केलं. आठही बाटल्यांत कारलं.

"मोरीला माशाचा वास कसला येतोय?" बायकोने विचारलं.

"त्यांच्या कॅनचा. विसळला ना."

रविवारी मी पापडीला जाऊन बसायचो. यायलाच हवं असं काही नव्हतं, पण गेल्याशिवाय राहवायचं नाही. बाय पडवीत खाटेवर बसलेली असायची, सर समोर स्टुलावर, मांडीवर वही.

"बाय, तुझ्या लग्नाला होडीतून येताना पाण्यात कोण पडलं?"

"तुजा आजा. ताडी पिऊन."

"बरोबर. आणि त्याला बाहेर कोणी काढलं?"

"मागल्या ऐतवारी सांगितलं ना? दर ऐतवारी तेच इचारतो. इसरतं कोन, मी का तू?"

सर खूश होऊन गुण मांडायचे. पुढच्या प्रश्नाला ती स्वतःच्या मुलीचं नाव सांगू शकायची नाही आणि खाटेची दोरी नखांनी कुरतडत बसायची. मग शेवटचा प्रश्न. बाटलीतलं पेलाभर पाणी तिला पाजायचे आणि विचारायचे, "ह्यात मासा आहे का, बाय?"

"नाय. ह्यात मासा नाय."

"नीट बघ."

"चालीस वरसं टोपलीत हात हुता माजा. मासा असता तर मला सांगितलं नसतं त्यानं?"

या उत्तराला सर गुण देत नसत. त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं खरं काय ते. नुसतं 'नाही' लिहून ठेवायचे, पाकीट उघडल्यावर तपासू म्हणून. दुसऱ्या रविवारी बायने माझ्याकडे बोट केलं. "हा कोन?"

"आमच्या कॉलेजातले सर. बाटल्या हेच भरतात."

तिने माझा हात ओढून घेतला, उलटासुलटा केला. "मासा धरलेला नाय यानं," म्हणाली आणि सोडून दिला. सर खदखदून हसले. मी चहा प्यायलो.

आठ रविवारी आठ वेळा तिने तेच सांगितलं. एकदाही चुकली नाही. मी प्रत्येक वेळी तिथे होतो.

नवव्या रविवारी पाकीट उघडलं. सरांनी माझा कागद वहीशेजारी ठेवला आणि पेन्सिलीने गुण जुळवत गेले. खऱ्या आठवड्यांत आणि खोट्या आठवड्यांत काही फरक नव्हता. असणार कुठून? ते त्यांनी शांतपणे घेतलं. "ठीक आहे. नाही म्हणजे नाही." मग शेवटच्या प्रश्नाकडे वळले. माझ्या कागदाप्रमाणे चार आठवडे बाटलीत मासा होता आणि बायने 'नाही' म्हटलं होतं. त्यांनी लाल पेनाने एकेक फुली मारली. चौथी मारून पेन खाली ठेवलं.

"मासा ओळखत नाही, शेजारी," ते म्हणाले. "नावं विसरली, मी म्हटलं चालेल. पण हिच्या हाताला, जिभेला मासा कळत नाही. म्हणजे बाय गेली. समोर बसलीय, पण गेली."

त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. तोंड उघडायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मी म्हणालो, "वय झालंय."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, प्रयोग फसला. लोकांनी थट्टा केली. मीही थोडी केली. त्यानंतरच्या सोमवारी ते उशिरा आले, बसले, केळीच्या पानात बांधलेल्या सुकेळ्या, म्हणजे वसईची वाळवलेली केळी, नेहमीसारख्या अर्ध्या माझ्याकडे सरकवल्या. मग म्हणाले, "प्रयोग फसला, पण पेयाचा दोष नव्हता." मी म्हटलं, कसला मग? म्हणाले, "माहीत नाही." त्या दिवशी त्या शब्दांत नेहमीचा आनंद नव्हता. मला वाटलं, आईचं दुःख असेल.

पुन्हा करून बघा, असं मीच त्यांना म्हणालो. एवढं माझं धाडस. त्यांनी नकारार्थी मान हलवली. बाय त्याच महिन्यात न्हाणीघरात पडली, मांडीचं हाड मोडलं. आठ रविवार आता तिच्याकडे नव्हते.

मी भेटायला गेलो तेव्हा ती उशीवर पडून हसत होती. "मी पास झाली," मला म्हणाली.

"पैकीच्या पैकी," सर तिचे केस विंचरत म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. मी समजलो, म्हातारीचं मन राखतायत. नाताळाआधी ती गेली.

त्यानंतर आम्ही सात वर्षं एकमेकांशेजारी बसलो. ते माझ्या घरी येत राहिले, वॉचमन त्यांना थांबवत राहिला. माझ्या मुलाला त्यांनी बारावीची केमिस्ट्री शिकवली, माझ्याकडून त्याला समजत नव्हती म्हणून. मी अधूनमधून ठरवायचो, आज सांगू. ते सुकेळ्या सरकवायचे आणि तो दिवस तसाच जायचा. वागण्यात कधी काही उणं दिसलं नाही. एकच, चिकटवलेलं पाकीट त्यांनी पुन्हा माझ्याकडे कधी दिलं नाही. परीक्षेच्या पेपरांचंसुद्धा. ते माझ्या लक्षात आलं होतं. मी त्याचा अर्थ लावला नाही.

एका सकाळी प्रयोगशाळेतच ते खुर्चीवर बसले आणि उठले नाहीत. हृदय. महिन्याभराने त्यांची अर्नाळ्याला दिलेली बहीण माझ्या घरी आली. पिशवीतून ती वही काढली. "दादानं सांगून ठेवलेलं, मी गेल्यावर ही तुमच्या हातात द्यायची. पिशवीतच दे, कोणाला दाखवू नको."

आठ रविवारांची पानं मी पाहिलेली होती. त्यापुढची पाहिलेली नव्हती. पाकीट उघडल्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी लिहिलं होतं, प्रत्येक बाटलीतलं चमचाभर पाणी बर्फाच्या खान्यात राखून ठेवलं होतं, आपलं पेय कमजोर होतं का ते पाहावं म्हणून आज तपासलं. कशाने तपासलं? कॉस्टिक आणि मोरचूद. पेप्टाइड असेल तर जांभळा रंग येतो, नसेल तर मोरचुदाचा निळा तसाच राहतो. बारावीच्या जर्नलमधला प्रयोग. मी दरवर्षी दोनशे मुलांकडून करून घेत होतो आणि मला तो सुचला नव्हता. खाली एकाखाली एक आठ आकडे, आणि प्रत्येकापुढे एकच शब्द: निळा.

त्यापुढे काही नाही. 'का' नाही, 'कोणी' नाही. माझं नाव अख्ख्या वहीत कुठेच नाही.

पुढच्या पानावर त्या प्राध्यापकांना पाठवलेल्या पत्राची नक्कल होती. "प्रयोग पूर्ण होऊ शकला नाही. निष्कर्ष काढू नये. कारण घरगुती."

घरगुती! मी ते पान मिटलं, परत उघडलं. त्यांना घर म्हणजे बाय होती आणि एक बहीण. त्यात त्यांनी मला धरलं होतं.

ते पाणी लागू पडलं असतं का, मला माहीत नाही. बहुधा नसतंच पडलं, ते स्वतःही तसंच म्हणायचे. पोट आहे, वॉचमन आहे. बाय वाचली असती असं म्हणून मी माझ्या गुन्ह्याला मोठेपणा देत नाही. उत्तर हो असो की नाही, ते मिळवायचा तिचा आणि त्यांचा हक्क होता. ते उत्तर मी मोरीत ओतलं. आणि आठ रविवार एक बाई खरं सांगत असताना तिचं खरं म्हातारचळ ठरू दिलं.

या माणसाचा मी आयुष्यभर हेवा केला. ते गेल्यावर तो सुटेल असं वाटलं होतं. पण वहीचं शेवटचं पान उघडलं आणि तो परत वर आला, जसाच्या तसा. त्या पानावर शेवटच्या प्रश्नाचा तक्ता त्यांनी पुन्हा मांडला होता. जुन्या तक्त्यातल्या चार लाल फुल्या एकेक करून खोडलेल्या, पट्टीने रेघ मारून, आणि प्रत्येकीशेजारी 'बरोबर'. आठापैकी आठ. तारीख बाय पडली त्याच्या आधीची. म्हणजे तिला सांगितलं होतं त्यांनी. मी पास झाली, असं ती म्हणाली ते म्हणूनच.

तक्त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ आहे. 'बाय, माफ कर.'

तिची माफी मागायचं काम माझं होतं. तेही त्यांनी माझ्याआधी करून ठेवलं होतं.